चव्वेचाळीस किलो टोमणे

सहकारनगरातल्या ‘श्रीशैल’ अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर अनंतराव खांबेटे राहतात आणि त्यांच्या दिवाणखान्यात टीव्हीशेजारी चिनी मातीची एक भलीमोठी बरणी राहते. राहते असंच म्हणायला हवं, कारण गेल्या आठ वर्षांत ती कोणालाही जागची हलवता आलेली नव्हती. बरणीखालची फरशी तडकली आहे, हे मी स्वतः पाहिलं आहे. खालच्या बिऱ्हाडाच्या छताला बरोबर त्या जागी पोक आलं आहे असं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण सांगायला माझी हरकत नाही.

या बरणीत अनंतरावांच्या टोमण्यांचा दंड होता. गोष्ट अशी की, अनंतराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते आणि जिभेला धार लावूनच घराबाहेर पडत. एकोणीस वर्षांपूर्वी उल्काताईंच्या मावशी आल्या असताना ते इतकंच म्हणाले होते, “बसा ना मावशी. चार दिवसांसाठी आलात, त्याला आता तीनच आठवडे झालेत.” मावशी संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. उल्काताई चित्रकलेच्या शिक्षिका, आवाज न चढवता वर्ग गप्प करणाऱ्या. त्यांनी रिकामी बरणी आणून ठेवली आणि सांगितलं, यापुढे प्रत्येक टोमण्याला एक रुपया, आणि तोही नाण्यात. नोट टाकली की आवाज होत नाही, आणि आवाज झाल्याशिवाय तुम्हाला कळत नाही.

दर महागाईनुसार वाढत गेला. सहाव्या वेतन आयोगाला दोन रुपये झाले, मध्येच एकदा पाच, आणि सातव्याला उल्काताईंनी थेट दहा केले. घराबाहेर मारलेल्या टोमण्यांची रोज संध्याकाळी चहाच्या वेळी सुनावणी व्हायची. आता तुम्ही विचाराल की, बाहेर काय बोललो ते या गृहस्थांनी घरी येऊन सांगायचंच कशाला? तर टोमणा ही एकट्याने खायची वस्तू नाही. साहेबाला मारलेला टोमणा साहेबाला कळत नसे, शिपायाला कळला तरी तो हसू शकत नसे. दाद मिळायची ती घरी. उल्काताई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “हा बरा होता, टाका दहा.” किंवा, “हा शिळा आहे, गेल्या दिवाळीत झालाय. याला दंड नाही.” दंड माफ झाला की अनंतरावांचा चेहरा पडायचा.

गेल्या जानेवारीत एका रविवारी उल्काताईंनी जाहीर केलं की, त्या भिशीतल्या मैत्रिणींबरोबर काझीरंगाला जाणार आहेत. आठ दिवस. आगाऊ रक्कम भरून झाली आहे, उरलेले साडेएकवीस हजार येत्या शनिवारी पाच वाजेपर्यंत टिळक रस्त्यावरच्या प्रवास कंपनीत रोख भरायचे आहेत.

“काझीरंगात काय आहे?” अनंतरावांनी विचारलं.

“गेंडे,” उल्काताई म्हणाल्या. “म्हटलं, एकोणीस वर्षं एकच बघतेय, जाड कातडीचा दुसराही एखादा बघून येऊ.”

उल्काताईंच्या टोमण्यांना दंड नव्हता. तसा नियमच केलेला नव्हता.

अनंतराव पेन्शनीतून चेक फाडायला उठले, तेव्हा उल्काताईंनी त्यांना खाली बसवलं. पैसे बरणीतले हवेत. आणि पुरते हवेत. “सुटे घेताना लोक कमिशन कापतात म्हणे. मी एकोणीस वर्षं ऐकून घेतलंय. माझ्या ऐकून घेण्यातून कोणाला चार आणेसुद्धा कापून द्यायचे नाहीत.” मग चहाचे कप उचलता उचलता, अगदी सहज, त्या पुढे म्हणाल्या, “बरणी रिकामी झाली की आपलं हे खातंही संपलं. मग बोला तुम्हाला हवं तेवढं, हवं त्याला.”

दुसऱ्या कोणाला यात सुटका दिसली असती. अनंतरावांना मात्र ती दिसेना. हवं तेवढं बोलायचं, आणि संध्याकाळी सांगायचं कोणाला? पण पुण्यातला माणूस पोटातलं ओठावर आणत नाही. ते म्हणाले, नाणी बदलून आणणं म्हणजे तासाभराचं काम आहे. हे वाक्य ज्या ज्या कामाबद्दल बोललं गेलं, त्या त्या कामाचं पुढे काय झालं, हे इतिहासात पाहावं.

बरणी हलेना, म्हणून नाणी आमटीच्या डावाने उपसली. दिवसभर मोजणी चालली. एकवीस हजार तीनशे चाळीस भरले. नाणी आठ हजारांच्या घरात, म्हणजे सरासरी दिवसाला एक टोमणा जेमतेम. अनंतरावांना हा आकडा स्वतःच्या लौकिकाला शोभणारा वाटला नाही. वजन बाथरूममधल्या काट्यावर हप्त्याहप्त्याने केलं, ते चव्वेचाळीस किलो.

“एकशेसाठ कमी आहेत,” अनंतराव म्हणाले.

“म्हणजे सोळा टोमणे,” उल्काताई म्हणाल्या. “सहा दिवस आहेत. माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

सोमवारी अनंतराव बँकेत गेले. काउंटरवर तनया नावाची मुलगी होती, फार गोड. गोड माणसापुढे टोमणा बोथट होतो, हा त्यांचा जुना अनुभव. तिने समजावून सांगितलं की, नाणी प्रकारवार वेगळी करावी लागतील, शंभर-शंभरच्या पारदर्शक पिशव्या कराव्या लागतील, प्रत्येक पिशवीवर नाव आणि खाते क्रमांक चिकटवावा लागेल. आणि दिवसाला हजार रुपयांपर्यंत फुकट, त्यापुढे दर पिशवीला दहा रुपये हाताळणी शुल्क. म्हणजे साधारण आठशे रुपये किंवा बावीस दिवस, यांपैकी जे काकांना सोयीचं असेल ते.

“पैसे आणणाऱ्याकडून पैसे घेता,” अनंतराव म्हणाले, “मग कर्ज बुडवणाऱ्याला घरी फराळ पाठवत असाल.”

तनयाने हसून पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. अनंतराव निघताना दोरीने बांधलेल्या पेनाबद्दल बोलले, बंद असलेल्या घड्याळाबद्दल बोलले, ‘ग्राहक हाच देव’ या पाटीखाली उभं राहून, देवाला बसायला खुर्ची नाही याबद्दलही बोलले. संध्याकाळी एकूण पाच टोमणे सुनावणीला आले. पेनाचा शिळा म्हणून बाद झाला. चार मंजूर.

मंगळवारी दुकानं. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, दहाचं नाणं कोणी घेत नाही, रुपयाला कोणी विचारत नाही, राहिलं ते शंभराला पंच्याण्णवने घेईन. अनंतराव म्हणाले, “एकोणीस वर्षं सुट्या रुपयाऐवजी गोळ्या देताय. त्या परत घेत असाल तर डबाभर आहेत घरी. त्यांनाही पाच टक्के कापा.” पेट्रोल पंपावर, दूध केंद्रावर, औषधाच्या दुकानात, सगळीकडे भिंतीवर फोनवरून पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला, आणि सगळीकडे लोक अनंतरावांकडे असं पाहत होते, की जणू ते धान्य देऊन मीठ मागायला आलेत. त्या दिवशी पाच मंजूर झाले. औषधवाल्याला मारलेल्या टोमण्याला तर उल्काताईंनी दुसरा कप चहा दिला. तो टोमणा मला माहीत आहे, पण औषधवाला माझ्या ओळखीचा आहे.

बुधवारी समोरच्या फ्लॅटमधल्या पुष्करने लक्ष घातलं. पुष्कर संगणक कंपनीत आहे आणि घरून काम करतो, म्हणजे जिन्यात असतो. तो म्हणाला, “काका, चिल करा. फॉरेनला मॉलमध्ये मशिन असतं, त्यात कॉइन्स ओतायचे की कॅश. बारा टक्के घेतात फक्त.” अनंतरावांनी बारा हा आकडा ऐकून कठडा धरला. मग पुष्करने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की, खांबेटे काका सगळी चिल्लर विनाकमिशन बदलून आणणार आहेत, कोणाला अशी जागा माहीत असेल तर कळवा.

जागा कोणीच कळवली नाही. ‘विनाकमिशन’ एवढं मात्र सगळ्यांनी वाचलं. गुरुवारी सकाळी साडेसातला पहिली घंटा वाजली. पहिल्या मजल्यावरच्या बाई प्लास्टिकचा डबा घेऊन उभ्या. “तुम्ही जाताच आहात, तर एवढे आमचेही.” मग तिसरा मजला आला, मग गच्चीवरचा. कोणी मातीचं डुक्कर आणलं, कोणी मोज्यात भरून आणलं, एकाने तर मुलाच्या मुंजीत भिक्षावळीत पडलेली नाणी आणली, आणि मुलगा आता बंगळुरात दोन मुलांचा बाप. प्रत्येकाची नावानिशी चिठ्ठी, प्रत्येकाचा आकडा, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, संध्याकाळपर्यंत मिळतील ना? पुष्करनेही लहानपणचा गल्ला आणून ठेवला. त्यात नेपाळचं एक नाणं आणि कोटाचं बटण होतं, दोन्ही त्याने हिशेबात धरली होती.

नाही म्हणावं, तर ज्याला स्वतःची नाणी बदलता येत नाहीत तो दुसऱ्याची काय बदलणार, असं लोक म्हणणार. तेव्हा अनंतरावांनी सगळं ठेवून घेतलं. चौदा बिऱ्हाडांची सतरा किलो नाणी. आपली चव्वेचाळीस आणि ही सतरा, एकूण एकसष्ट. शेजाऱ्यांशी रोज जिन्यात गाठ पडते म्हणून बरेचसे टोमणे त्यांनी गिळले; त्याने त्यांना रात्री पित्त झालं. तरी तीन निसटलेच. बारा झाले.

शुक्रवारी दुपारी अनंतरावांनी एकसष्ट किलो दोन पोत्यांत भरले आणि मच्छिंद्र रिक्षावाल्याला बोलावलं. मच्छिंद्र म्हणाला, मार्केट यार्डात एक शेठ आहे, तो पोत्याने सुटे घेतो. रिक्षा अशी मागे बसली की, पुढचं चाक सारसबागेच्या गणपतीला नमस्कार केल्यासारखं उचललं जाई, असं मच्छिंद्र आजही सांगतो. सहकारनगरहून मार्केट यार्डाला जाताना सारसबाग लागत नाही, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलेलं नाही.

भुसार विभागात शेठच्या गाळ्यापुढे पोती उतरवली. शेठने नाण्यांचं नाव ऐकून दात कोरत दर सांगितला, शंभराला शहाण्णव. म्हणजे उल्काताईंच्या ऐकून घेण्यातले आठशे त्रेपन्न रुपये साठ पैसे शेठच्या घशात. अनंतराव चार टक्क्यांवर बोलत असताना मागे वळून पाहतात, तर पोती जागेवर नाहीत. दोन हमालांनी ती पाठीवर मारून आत नेली होती. गाळ्यापुढे पोतं ठेवलं की ते उचलायचं, काट्यावर टाकायचं, आतल्या थप्पीला लावायचं, ही तिथली तीन पिढ्यांची रीत. पोत्यात काय आहे हे विचारणं हमालाचं काम नाही. काट्याजवळच्या कारकुनाने वहीत लिहूनही टाकलं होतं: गूळ, दोन पोती, एकसष्ट किलो.

“हमाली आणि तोलाई भरा,” कारकून मान वर न करता म्हणाला.

अनंतराव म्हणाले, हा गूळ नाही. कारकून म्हणाला, ते खोडायचं तर अर्ज लागेल, पण माल उचलला गेला, तोलला गेला, पैसे लागणार. अनंतराव म्हणाले, मी विकायला आणलेलं नाही. कारकून म्हणाला, मग परत न्यायचं असेल, तर परत उचलण्याची हमाली वेगळी. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला समोर आपलंच रूप बसलेलं दिसत होतं. “तुम्ही सरकारी नोकरीत का नाही आलात?” अनंतराव म्हणाले. “तिथे न केलेल्या कामाचे पैसे मिळतात. इथे नको असलेल्या कामाचे घेता, ही त्याच्याही पुढची पायरी झाली.” शेठला चार टक्क्यांवरून मारलेला एक धरून आणखी तीन झाले, एकूण पंधरा. आवाज चढले, आणि हमालांनी आपल्या मुकादमाला बोलावलं.

मुकादम हिंमतराव म्हणजे पाठ पोत्याच्या आकाराची झालेला, पांढऱ्या मिशांचा, काटक माणूस. त्याने पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला, आणि मूठभर नाणी वर काढून बघितली.

“साहेब,” तो म्हणाला, “ही इकायची हाईत?”

“बदलायची आहेत. पुऱ्या पैशाला. बट्टा न देता.”

हिंमतराव पोत्यावरच बसला. मग कळलं ते असं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाजाराला सुट्टी. त्या दिवशी हमाल मंडळी हिंमतरावाच्या एकसष्टीनिमित्त त्याची नाणेतुला करणार होती. एका पारड्यात हिंमतराव, दुसऱ्यात नाणी, आणि नंतर ती नाणी हमालांच्या चहाच्या टपरीला, कारण तिथे रोज सुट्यासाठी मारामाऱ्या. नोटांची वर्गणी जमून महिना झाला होता. पण नाणी मागायला गेलं की व्यापारी शंभराला एकशेपाच मागत होते.

“जल्मभर दुसऱ्याचं वजन पाठीवर वाह्यलं,” हिंमतराव म्हणाला. “आता माज्या सोताच्या वजनावर मी कुनाला बट्टा देनार न्हाई. तुला न्हाई झाली तरी चालंल, म्हनलं.” आणि जरा लाजून पुढे म्हणाला, “आठ दिस झालं, एकयेळ जेवतोय. तेवढीच नाणी कमी लागतील.”

अनंतरावांना एकदम उल्काताई आठवल्या. देणाऱ्याकडून चार आणि घेणाऱ्याकडून पाच, असे मधल्या मध्ये नऊ टक्के खाणाऱ्या शेठकडे दोघांनी एकाच वेळी पाहिलं. शेठने दात कोरणं थांबवलं. हमाली आणि तोलाई हिंमतरावाने एका नजरेत माफ करून घेतली. फक्त वहीत ‘गूळ’ तसाच राहिला.

शनिवारी तुला सकाळी दहाची होती. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले, कारण ते प्रमुख होते. मोठा लोखंडी तराजू, झेंडूच्या माळा, समोर सगळे हमाल सहकुटुंब, आणि पहिल्या रांगेत हिंमतरावाच्या पत्नी मुक्ताईंच्या शेजारी उल्काताई. वहिनींना आणल्याशिवाय येऊ नका, असं हिंमतरावाने बजावलं होतं. हिंमतराव पारड्यात मांडी घालून बसला. दुसऱ्या पारड्यात नाणी ओतली. आठ हजार टोमणे आणि चौदा बिऱ्हाडांची चिल्लर खळाळत पडली, आणि काटा हलला, हलला, आणि किलोभर अलीकडे थांबला. तेव्हा मुक्ताई उठल्या, फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांनी नाण्यांवर ठेवलं आणि पारडी समान झाली.

“आठ दिस न्हाई खाल्लेल्या भाकऱ्या,” मुक्ताई म्हणाल्या. “रोज करतीया, रोज ऱ्हात्यात.” त्या शिळ्या असणार आणि वजन किलोभर कसं भरलं, हे मला विचारू नका; पारडी मी पाहिली आहेत.

मग अनंतरावांना शाल आणि नारळ देऊन व्यासपीठावर उभं केलं आणि पाहुण्यांनी माइकवर विचारलं, एवढी बचत कशी साधली, चार शब्दांत सांगा. अनंतरावांना बोलायला माइक आणि समोर पाचशे माणसं आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. “हिने ऐकून घेतलं,” एवढंच म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या. मुक्ताईंनी उल्काताईंच्या हातावर हात ठेवला.

जेवल्याशिवाय सोडेनात. पुऱ्या पैशांच्या नोटा मोजून घेईपर्यंत चार वाजले. एकवीस हजार तीनशे चाळीस बाजूला काढले, चौदा पाकिटं वेगळी केली, आणि मच्छिंद्रची रिक्षा टिळक रस्त्याला पोहोचली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

काउंटरवरच्या सलोनीने नोटा मोजल्या. उल्काताईंनी पर्समधून आठवड्याचा दंड काढून ठेवला: दहाची पंधरा नाणी.

“एकवीस हजार चारशे नव्वद,” सलोनी म्हणाली. “दहा कमी आहेत, मॅडम.”

अनंतरावांनी खिशात हात घातला. उल्काताईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. खिशातलं दहाचं नाणं अनंतरावांचं होतं. बरणीचं व्हायला त्याला एक टोमणा कमी पडत होता.

आणि इथे एक चमत्कार घडला. अनंतरावांना टोमणा सुचेना. खांद्यावर शाल, पोटात श्रीखंड, कपाळावर गुलाल. बँकेची ती मुलगी चांगली वाटू लागली, गाळ्यावरचा कारकून कर्तव्यदक्ष वाटू लागला, वाणीसुद्धा पोटापाण्यालाच करतो असं वाटू लागलं. एकोणीस वर्षांत असं जिभेचं पाणी झालं नव्हतं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, तो नीट फिरत होता. फलकाकडे पाहिलं, त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पाचला तीन कमी.

“काका, ऑनलाइन पाठवा ना दहा रुपये,” सलोनी म्हणाली. “मला सिस्टिम बंद करायचीय.”

उल्काताई भिंतीवरच्या काझीरंगाच्या चित्राकडे पाहत होत्या, आणि चित्रातला गेंडा अनंतरावांकडे पाहत होता.

पाचला एक कमी असताना अनंतराव खाकरले. “सलोनीताई,” ते म्हणाले, “एक विचारायचं राहिलं. कोण येतंय, हे त्या गेंड्याला आधी कळवलंय का? नाही, कातडं जाड असतं हे मान्य आहे. पण मला तयारीला एकोणीस वर्षं मिळाली, त्याला आठच दिवस मिळणार.”

सलोनीने तोंडावर हात धरला. उल्काताईंनी चित्रावरची नजर न काढता तळहात पुढे केला.

“दहा.”

नाणं काउंटरवर वाजलं. शिक्का पडला. बाहेर पावती दोनदा वाचून उल्काताईंनी ती पर्समध्ये ठेवली आणि दोघं मच्छिंद्रच्या हलक्या झालेल्या रिक्षात बसली. रिक्षा पर्वतीपाशी आली. छातीवरून पोतं उतरल्यासारखं वाटत असूनही अनंतराव बाहेरच बघत होते. बरणी रिकामी होती, आणि खातं संपलं होतं.

“खरं तर पाचाचाच होता,” उल्काताई म्हणाल्या. “पण ऑफिस बंद होत होतं.”

“पाचाचा? अगं, अख्ख्या आठवड्यातला सर्वांत...”

“घरी गेल्यावर बरणी गरम पाण्याने धुवा,” उल्काताई म्हणाल्या, “आणि मी येईपर्यंत रोज गॅलरीत कडक उन्हात ठेवा. ओल राहता कामा नये. मधल्या आठ दिवसांतले वहीत लिहून ठेवा, आल्यावर ऐकेन.”

अनंतरावांनी शाल नीट केली. मच्छिंद्र वजनाचे वेगळे तीस रुपये मागत होता, आणि आता रिक्षात वजन कसलं आहे हे त्याला विचारायला त्यांना फार छान वाक्य सुचलं होतं. पण त्यांनी ते वहीसाठी ठेवलं.